गळती

लाकडी बाकावर तुम्ही अंग चोरून बसला आहात, कारण शेजारच्या गृहस्थांना मांड्या पसरून बसायची सवय आहे आणि त्यांच्या तोंडाला लसणाचा वास येतोय. गाव अथेन्स, साल इ.स.पू. 388. अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावरचं हे डायोनिससचं रंगमंदिर. इथे दगडी पायऱ्या व्हायला अजून अर्धशतक आहे, आज सगळी गर्दी फळ्यांवरच दाटीवाटीने बसली आहे. नाटक ॲरिस्टोफेनिसचं, ‘प्लुटोस’, म्हणजे धनाचा देव. तो या नाटकात आंधळा दाखवलाय. पैसा भलत्याच माणसांच्या घरी का जातो, याचं इतकं सोपं उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

खाली कारिओन नावाचा गुलाम शेतकऱ्यांच्या कोरसला बातमी सांगतोय. मालक डेल्फीहून परतताना एका म्हाताऱ्याला घरी घेऊन आलेत. कसला म्हातारा? कारिओन एका दमात त्याचं वर्णन करतो: अंगावर मळ, पाठीला पोक, चेहऱ्यावर सुरकुत्या, तोंडाचं बोळकं. त्या माळेत मध्येच एक शब्द तुमच्या कानावर आपटतो. मदोन्ता.

तुम्ही दचकता. मदोन्मत्त? त्या बापड्या म्हाताऱ्याला कसला आलाय मद! पण शेजारचे गृहस्थ खदाखदा हसत स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावर थाप मारून दाखवतात, आणि तुम्हाला उलगडा होतो. मदोन्ता म्हणजे केस गळून गेलेला. हशा जरा जास्तच रेंगाळतो, कारण नाटककारही त्याच बिरादरीतला आहे हे अख्ख्या अथेन्सला ठाऊक आहे. इ.स.पू. 421 मध्ये ‘शांती’ या नाटकात त्याने स्वतःच्या टकलावर विनोद करून गावातल्या टकल्यांचा पाठिंबा मागितला होता.

मूळ क्रियापद ‘मदाओ’. ग्रीक शब्दकोश उघडलात तर पहिला अर्थ टकलाचा नाही. पहिला अर्थ ओलं असणं, भिजून लिबलिबीत होणं. केस गळणं हा दुसरा. विशेषण ‘मदारोस’, त्याचीही तीच तऱ्हा: ओला, ढिला, आणि टकला. ओल आणि टक्कल एकाच शब्दात नांदायला कशी आली, ते बघायला तुम्हाला आता बाकावरून उठावं लागेल. नाटक संपेपर्यंत थांबायचं असेल तर थांबा, पण लसूण काही कमी होणार नाही.

आधी पुढे सरकू, चौथ्या शतकाच्या अखेरीकडे. रात्रभर पाऊस झालाय आणि तुम्ही अथेन्सबाहेरच्या एका अंजिराच्या बागेत घोट्यापर्यंत चिखलात उभे आहात. समोर उकिडवा बसलेला माणूस थिओफ्रास्टस. लेस्बोस बेटावरच्या एरेसोसचा, ॲरिस्टॉटलचा शिष्य आणि त्याच्यामागून लायसियम चालवणारा. झाडांवरचा त्याचा मोठा ग्रंथ बागवानांच्या अनुभवावाचून झालाच नसता. तो ऐकतो, विचारतो, त्यांचेच शब्द टिपतो. आता बागवान अंजिराच्या बुंध्याशी बोट खुपसून दाखवतोय. पाऊस जास्त झाला की अंजीर आजारी पडतं. मुळाकडचा भाग आणि खुद्द मूळ जणू ‘मदाइ’, फुगून मऊ पडतं, आणि साल सुटायला लागते. बागवानांचा यासाठी स्वतःचा शब्द आहे, ‘लोपान’, साल टाकणं.

तुम्हीही वाकून बोट लावून बघा. साल बोटाबरोबर सरकते, खालचं लाकूड पांढरं, बुळबुळीत. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा असाच हाताला लागून येतो. ओल आत शिरते, आतलं आणि बाहेरचं यांच्यातली पकड सैल होते, आणि बाहेरचं गळून पडतं. थिओफ्रास्टसने ‘मदाइ’च्या आधी ‘जणू’ हा शब्द घातलाय, तेवढ्या जपून लिहिणारा माणूस आहे तो. पण ओल आणि सुटणं एका जागी दाखवणारं इतकं स्वच्छ उदाहरण या शब्दाला दुसरीकडे मिळणं अवघड.

तरीही झाडाची साल म्हणजे माणसाचे केस नव्हेत. त्यासाठी गावाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जावं लागेल, जिथे अथेन्सचे चामडं कमावणारे काम करतात. नाक धरा. याच धंद्यात पैसा केलेल्या घरातला क्लिओन शहराचा पुढारी झाला, तेव्हा ॲरिस्टोफेनिसने इ.स.पू. 424 च्या ‘सरदार’ नाटकात त्याच्या अंगाला येणाऱ्या कातड्याच्या वासाचा यथेच्छ उद्धार केला. प्रेक्षकांना ते समजावून सांगावं लागलं नाही.

हौदात बैलाची कातडी भिजत पडली आहेत. कारागीर त्यातलं एक ओढून गोलसर ओंडक्यावर पसरतो, केसाळ बाजू वर. ते निथळतंय, जड झालंय, हाताला थंड लागतंय. तो तुमच्याकडे बघून हनुवटीने खूण करतो: ओढ. तुम्ही चिमटीत केस धरता आणि ओढता. काहीच जोर लागत नाही. मूठभर केस मुळासकट हातात येतात, आणि खाली कातडी उघडी पडते, फिकट, गुळगुळीत. ओलीत आणि उबेत पडून राहिलं की कातडीतले सूक्ष्मजीव आधी केसांची मुळं खातात, कातडीचं तंतुजाल नंतर. त्या मधल्या वेळेत कारागिराने काम उरकायचं असतं. फार लवकर काढलं तर केस तुटतात, फार उशीर झाला तर कातडंच सडतं. सूक्ष्मजीव त्याला माहीत नाहीत, वेळ मात्र नेमकी माहीत आहे. बोथट सुरा तो तिरका धरतो आणि एका लांब हाताने ओंडक्याच्या टोकापर्यंत सगळे केस लोटून देतो.

हा ‘मदाओ’चा पहिला अर्थ हातात धरून दुसरा अर्थ डोळ्यांनी बघण्याचा क्षण. शब्द नेमका याच हौदात दुहेरी झाला असं सांगणारा लेखी पुरावा नाही. पण अर्थ कसा सरकला असेल याची दिशा अंजिराच्या बुंध्यापाशी आणि इथे एकच दिसते: ओलं, मग ढिलं, मग गळालेलं.

कातड्यापाशी आहातच, तर आणखी तीनेकशे वर्षं मागे जाऊन एक गोष्ट बघून घ्या. ‘इलियड’च्या सतराव्या सर्गात पात्रोक्लस या ग्रीक योद्ध्याच्या प्रेतासाठी दोन्ही फौजा रस्सीखेच करतात, आणि होमरला उपमा सुचते ती कातडं ताणणाऱ्यांची. चरबीत भिजवलेलं मोठ्या बैलाचं कातडं मालक आपल्या माणसांच्या हाती देतो. ती माणसं गोल उभी राहून चहूबाजूंनी ओढतात, ओढता ओढता आतली ओल बाहेर पडते आणि चरबी आत मुरते. या ओलीला होमर ‘इक्मास’ म्हणतो. हा शब्द तुम्हाला परका वाटेल, पण नाही. ग्रीकांना शब्दारंभीचा ‘स’ जड जायचा. आपल्या सप्तच्या जागी त्यांच्याकडे हेप्ता आहे ते त्यामुळे, आणि होमरच्या बोलीच्या मुलुखात तर उरलेला ‘ह’सुद्धा गिळला जाई. ‘इक्मास’च्या पुढे तो हरवलेला ‘स’ लावून बघा. संस्कृतातलं सिंच्, आपलं सिंचन, त्याच मुळाचं. दवाला ग्रीकमध्ये ‘हेर्से’, ती आपल्या वर्षेची बहीण. ग्रीकांची ओल आपल्या घरात बरीच मुरलेली आहे म्हणायची.

ओलीचाच ॲरिस्टोफेनिसने केलेला विनोदही सांगून टाकतो, मग मोह राहणार नाही. इ.स.पू. 423 च्या ‘मेघ’मध्ये सॉक्रेटिस टोपलीत बसून हवेत लटकतोय. जमिनीवर विचार नीट होत नाहीत, कारण माती विचारांतली ‘इक्मास’ शोषून घेते, असं त्याचं शास्त्रीय स्पष्टीकरण. अळिवाच्या जातीच्या एका भाजीचंही असंच होतं, अशी पुस्ती तो जोडतो. तेव्हाच्या विचारवंतांना जगात जिथे तिथे ओल आणि कोरडेपणा दिसत होता, म्हणून तर ही थट्टा लागू पडली.

आता लांबची उडी. इसवी सनापूर्वी चार हजारच्या आसपास, काळ्या समुद्राच्या उत्तरेचं गवताळ माळरान. बहुतेक संशोधक संस्कृत, ग्रीक, लॅटिन अशा भारोपीय भाषांचं मूळ घर इकडेच दाखवतात. इथे तुम्हाला वाचायला काहीच मिळणार नाही, कारण लिपी नाही. भाषाशास्त्रज्ञ या माणसांचे शब्द नातवंडांच्या चेहऱ्यांवरून आजीचा चेहरा काढावा तसे काढतात आणि अंदाज आहे हे कळावं म्हणून डोक्यावर एक चांदणी लावतात. चांदणीवाला ‘मद्’ असाच: ओलं होणं, ठिबकणं, रसरसणं.

तो इथून तीन वाटांनी गेला. पश्चिमेला रोममध्ये ‘मादेरे’, ओलं असणं. तिथल्या प्लाउटसच्या नाटकांत ‘मादिदुस’, भिजलेला, म्हणजे झिंगलेला. प्यायलेल्याला ओला म्हणायला रोमन कचरत नव्हते. ग्रीसमध्ये शब्द हौदात पडला आणि टकला झाला. आणि आपल्याकडे आला तो हत्तीच्या गंडस्थळावर. माजावर आलेल्या हत्तीच्या कानशिलाजवळच्या ग्रंथीतून काळपट, उग्र वासाचा द्रव गालावर ओघळतो, तो मद. तिथून मत्त, मदिरा, उन्माद. इराणच्या वाटेने गेलेल्या भावंडाचं फारसीत ‘मस्त’ झालं, ते मुसलमानी राजवटींच्या काळात मराठीत शिरलं आणि आता चहापासून सिनेमापर्यंत सगळं काही मस्त असतं. रंगमंदिरात तुम्ही दचकलात ते उगीच नव्हे. ‘मदोन्ता’मधलं शेपूट व्याकरणाचं आणि ‘मदोन्मत्त’शी त्याचं साम्य योगायोगाचं; धड मात्र एकच आहे. एका घराण्यातला एक मुलगा माजला आणि दुसऱ्याचे केस गेले.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं खरं तर कारण नाही. आपलं छप्पर गळतं, नळ गळतो, घाम गळतो, आणि केसही गळतात. पाणी ठिबकणं आणि केस पडणं यांना आपण एकच क्रियापद रोज सकाळी न्हाणीघरात वापरतो. फरक एवढाच की आपलं ‘गळणे’ थेंबाच्या पडण्यावरून निघालं, ग्रीकांचं ‘मदाओ’ भिजून सैल होण्यावरून. त्यांची नजर थेंबावर नाही, मुळाच्या पकडीवर आहे.

आणि इथेच गंमत होते. भाषा जे म्हणत होती त्याच्या बरोब्बर उलट वैद्य आणि तत्त्वज्ञ म्हणायला लागले.

इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीकडच्या हिपोक्रेटिसपंथी वैद्यांच्या सावलीत क्षणभर बसा. गर्भाच्या वाढीवरच्या त्यांच्या एका ग्रंथात म्हटलंय की टक्कल पडतं ते कफप्रकृतीच्या माणसांना. समागमाच्या वेळी डोक्यातला कफ घुसळला जातो, तापतो आणि केसांची मुळं जाळतो. म्हणजे ओल नव्हे, होरपळ. त्यांच्या सूत्रांत आणखी एक नोंद आहे, खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. ती लक्षात ठेवा, कामाची आहे.

मग लायसियमच्या झाडीत या. इ.स.पू. 335 ते 323 च्या दरम्यान कधीही चालेल. ॲरिस्टॉटल चालत चालत बोलतोय, बारीक डोळे, काटकुळे पाय, बोटांत अंगठ्या, केसांची निगा जातीने घेतलेली; निदान डायोजेनिस लार्टियसने पुढे त्याचं वर्णन असं करून ठेवलंय. त्याचं म्हणणं ऐका, कारण चुकीचं असूनही ते देखणं आहे. केस टिकतात ते उष्ण, स्निग्ध ओलाव्यावर. तो कमी पडला की गळतात. ज्या झाडांचा रस तेलकट असतो ती बारमाही हिरवी राहतात, बाकीची पानं टाकतात, तसंच हे. मेंदू शरीरातला सगळ्यात थंड अवयव, आणि माणसाचा मेंदू सगळ्यांत मोठा, म्हणून टक्कल माणसालाच पडतं आणि ते पुढून पडतं. समागमाने उष्णता खर्च होते, म्हणून मुलांना, बायकांना आणि खच्ची केलेल्यांना ते पडत नाही.

तुम्ही हात वर करून विचारता, पानं वसंतात परत येतात, केस का येत नाहीत? याचंही उत्तर त्याच्याकडे तयार आहे. झाडांना वर्षाचे ऋतू असतात, माणसाला वयाचे. माणसाचा हिवाळा एकदाच येतो.

गुरू म्हणतो ओलावा संपला म्हणून केस गेले. शिष्य बागवानाकडून लिहून घेतो की ओल वाढली म्हणून साल गेली. गुरूची ओल तेलकट आणि उबदार, अंजिराची पाणचट आणि थंड, असं म्हणून दोघांचा मेळ घालता येतो, आणि ॲरिस्टॉटलने तो चुटकीसरशी घातला असता. पण शब्दापुरतं मला विचाराल तर मी हौदापाशी उभ्या असलेल्या कारागिराच्या बाजूने आहे. त्याच्या हातात केस होते. माणसाच्या डोक्याबाबत मात्र वैद्य आणि ॲरिस्टॉटल दोघेही चुकले. 1942 मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने खच्ची झालेल्या पुरुषांची पाहणी करून दाखवलं की पौरुष संप्रेरकाशिवाय हे टक्कल पडत नाही, आणि ते बाहेरून दिलं तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना पडू लागतं. वैद्यांची जुनी नोंद खरी निघाली, जळलेला कफ तेवढा गेला.

ग्रीकांकडे टकलासाठी दुसरे शब्द नव्हते असं नाही. ‘फालाक्रोस’ म्हणजे शेंड्याशी लख्ख. उत्तर ग्रीसमधल्या एका उघड्याबोडक्या डोंगराचं नाव आजही फालाक्रो आहे. ‘अलोपेकिया’ आला ‘अलोपेक्स’वरून, म्हणजे कोल्ह्यावरून, खरूज झालेल्या कोल्ह्याची लव झडते, तसं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममधला सेल्सस त्यातले दोन प्रकार नोंदवतो. एक कोल्ह्याचा, कुठेही पसरणारा. दुसरा सापाचा, जो मानेच्या वर, डोक्याच्या मागे दोन बोटं रुंदीचा सुरू होतो आणि दोन्ही कानांकडे दोन तोंडांनी सरपटत येतो. आपण ज्याला चाई म्हणतो ती ही मंडळी. कोल्हा आणि साप दोघेही त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर अजून जिवंत आहेत.

आणि ‘मदाओ’? आजच्या अथेन्सच्या बाजारात तो ऐकायला मिळेल, पण पूर्ण कोरडा होऊन. कोंबडीची पिसं काढणं, फुलाच्या पाकळ्या एकेक करून तोडणं, आणि गिऱ्हाईकाला लुबाडून भादरणं, या सगळ्याला हेच क्रियापद. ओल्या कातड्याची आठवण त्यात कुणालाही होत नाही.

त्याचं एक बाळ मात्र वैद्यकात अडकून राहिलं: मॅडारोसिस. जुन्या ग्रीक वैद्यांनी पापण्यांचे केस झडण्याला दिलेलं नाव, पुढे भुवयाही त्यात आल्या. महाराष्ट्रात तो शब्द सर्वांत जास्त लिहिला गेला असेल तो कुष्ठरुग्णांच्या केसपेपरवर. वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय असो, वर्ध्याजवळचं दत्तपूर असो की वरोऱ्याजवळचं आनंदवन, तपासणारा माणूस रुग्णाला उजेडाकडे तोंड करायला सांगतो आणि आधी भुवईचं बाहेरचं टोक बघतो. जंतू भरपूर असलेल्या प्रकारात कातडी जाड होते आणि केस तिथूनच विरळ व्हायला लागतात. औषधांनी जंतू मरतात, गेलेली भुवई बहुधा परत येत नाही. रोग बरा झाला तरी तेवढ्या खुणेवरून गाव माणसाला ओळखतं, म्हणून शल्यवैद्य डोक्यावरची केसाळ कातडी आणून भुवईच्या जागी बसवतात. ती छान रुजते. फक्त तिला आपण भुवई झालोय हे कळत नाही, आणि केस डोक्यावरच्यासारखे वाढतच राहतात. दर थोड्या दिवसांनी आरशासमोर उभं राहून कात्रीने ते कापावे लागतात.